गणवीर मॅडमची सुरी

गणवीर मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली. धायरीतल्या आमच्या सोसायटीत त्या नुकत्याच राहायला आल्या होत्या, माझ्या बरोब्बर वरच्या मजल्यावर. मी बाल्कनीत सदरे वाळत घालायचो आणि संध्याकाळी काढायला जावं तर त्यांच्यावर लाकडाचा भुसा. सुरुवातीला झटकून पाहिलं. मग मात्र डोकं फिरलं. एक पांढरा सदरा पुरावा म्हणून हातात घेतला, जिना चढलो आणि बेल दाबली.

दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवलेला, चष्म्याच्या काचांवर भुसा आणि हातात करवत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी आधी सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खालचे का तुम्ही?"

"हो."

"मी गणवीर. नागपूरची. बौद्ध. आता भांडायचं असेल तर आत या, चहा टाकते. चहा प्यायचा नसेल तर दारातूनच भांडा, माझी हरकत नाही."

भांडायला गेलेल्या माणसाची याहून मोठी पंचाईत काय असणार? मी आत गेलो, चहा प्यालो. साखर फार होती. निघताना भुशाची आठवण करून दिली तेव्हा म्हणाल्या, "साहेब, जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी वर राहायला मिळालंय. घ्या की थोडा भुसा." आणि स्वतःच खो खो हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी सदरा झटकला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांनी बाल्कनीच्या कठड्याला जुनी साडी ताणून बांधली होती. त्यानंतर माझ्या कपड्यांवर भुसा पडला नाही.

नाव, गाव आणि बौद्ध हे त्या कोणालाही एका दमात सांगत. दूधवाल्याला, केबलवाल्याला, लिफ्टमध्ये नुसतं हसणाऱ्या माणसालासुद्धा. मी एकदा विचारलं, याची काय गरज असते? म्हणाल्या, "समोरचा आडनाव ऐकतो आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवून मनात जुळवाजुळव करत बसतो. त्याचा वेळ वाचवते. 'मूळच्या कुठल्या तुम्ही' हा प्रश्न भूगोलाचा नसतो, साहेब."

सरकारी कचेरीत त्या कारकून म्हणून चिकटल्या आणि अधिकारी होऊन निवृत्त झाल्या. सगळी नोकरी पुण्यात. नवरा लवकर गेला. मुलगी प्रज्ञा बंगळुरूला कसल्याशा कंपनीत. इतकी वर्षं पुण्यात काढून बोलणं अगदी इथलं झालं होतं, टोमण्यासकट. पण राग आला की नागपूर वर यायचं आणि 'काहून', 'बाप्पा' सुरू व्हायचं. माझ्याशी बोलताना नागपूर आलं की मी ओळखायचो, आपण गप्प बसलेलं बरं.

माणसाच्या मनातलं त्यांना वासावरून कळायचं, असं त्या स्वतःच सांगत. कचेरीत दुपारी सगळे डबे एकत्र उघडून खायचे. एक सहकारी सगळ्यांच्या डब्यातलं मागून मागून खायचे, पण मॅडमनी भाजी आणली की नेमका त्यांचा उपास. बुधवारी भरलं वांगं आणलं तर त्यांचा बुधवार. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आणलं तर शुक्रवार. "मग मी रोज आणायला लागले," मॅडम सांगायच्या. "म्हटलं, मरू द्या उपाशी. महिनाभरात गृहस्थ बारीक झाले हो. शेवटी वेगळ्या टेबलावर बसायला लागले." हे सांगताना त्या इतक्या हसत की ऐकणाराही हसायचा. घरी येऊन विचार केल्यावर माझं हसू जायचं.

आता सुतारकामाचं. त्यांचे वडील नागपुरात रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. मुलीला त्यांनी हत्यारांना हात लावू दिला नाही. पेन धर, पटाशी धरायची नाही, एवढंच सांगायचे. मुलीने पेन धरलं, त्या पेनानं घर चालवलं, स्वतःच्या मुलीला इंजिनियर केलं, आणि निवृत्त झाल्याच्या आठवड्यात जाऊन रंधा, करवत आणि पटाश्या विकत आणल्या. वडिलांचं ऐकलं तेवढं पुरे झालं, म्हणाल्या.

हात मात्र सुताराचा नव्हता. त्यांनी केलेलं पहिलं स्टूल मला भेट मिळालं. ते डुगडुगायचं. मी सांगितलं तर म्हणाल्या, "बसायला कुणी सांगितलं? कुंडी ठेवा." कुंडी ठेवली तर तीही डुगडुगायची. मग त्यांनी एक पाय कापला, तर स्टूल दुसऱ्या बाजूला कलंडलं. ते सरळ करायला दुसरा कापला. असं करत करत ते स्टूल पाटाच्या उंचीला आलं. त्या पाटावर मी अजून बसतो. फार काही वाईट नाही.

आमच्या सोसायटीला तळमजल्यावर एक हॉल आहे आणि हॉलला लागून स्वयंपाकघर. वर्धापनदिनाचं जेवण, कोजागिरी, सव्वीस जानेवारीचा नाश्ता, असं काहीबाही तिथे चालतं. स्वयंपाक महिला मंडळ करतं. पुरुषांकडे सतरंज्या घालणं, सिलिंडर हलवणं आणि मार्केट यार्डातून भाजी आणणं. मी एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे भाजी आणून झाल्यावरही स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसायचो. घरी तरी काय करणार?

मंडळाच्या अध्यक्ष शैलावहिनी. बाईंचा आवाज इतका गोड की पार्किंगवरून मारामारीची वेळ आली की मध्यस्थीला त्यांनाच पाठवतात. पहिल्या वर्षी गणवीर मॅडम कार्यक्रमाला आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या, जेवल्या आणि गेल्या. बोलावल्याशिवाय कुणाच्या चुलीपाशी जायचं नाही, हा त्यांचा नियम. पुढच्या वेळी शैलावहिनी स्वतः वर गेल्या. "अहो मॅडम, असं परक्यासारखं काय? खाली या, चार हात लागतात." मॅडम गेल्या. त्यांना बटाटे चिरायला दिले आणि पाहता पाहता सगळ्या बायका आपलं काम थांबवून बघत राहिल्या. नागपुरात वस्तीतल्या लग्नांत लहानपणापासून भाज्या चिरायला बसलेली बाई. सुरी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा, आणि बटाट्याच्या फोडी अशा एकसारख्या की शेजारणीने चिरलेल्यांच्या पातेल्यात टाकायला लाज वाटावी. करवतीपुढे वेडावाकडा चालणारा हात सुरी घेतली की असा चालायचा.

त्यानंतरच्या कार्यक्रमाला त्या खाली गेल्या तर शैलावहिनींनी एक सुरी पुढे केली. मंडळाच्या सगळ्या सुऱ्या एकाच दुकानातून, एकाच वेळी आणलेल्या, काळ्या मुठीच्या, एकसारख्या. या सुरीच्या मुठीला तेवढा लाल दोरा गुंडाळलेला होता.

"ही तुमची हं, मॅडम. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

मी तिथे होतो. मला तो मान वाटला. आणि मॅडमना तर काय वाटलं ते मी नीट पाहिलं. त्या सुरी हातात घेऊन नुसती उलटीसुलटी करत राहिल्या. कचेरीतल्या निरोप समारंभात साहेबांनी दिलेली शाल त्यांनी भांडी ठेवायच्या फळीवर अंथरली होती. त्या बाईला एका दोऱ्याचं एवढं अप्रूप वाटलं.

त्या रात्री जेवणानंतर मी डबा परत द्यायला वर गेलो तेव्हा प्रज्ञाचा फोन चालू होता, स्पीकरवर. मॅडम सांगत होत्या, "अगं, माझी सुरी ठेवलीय त्यांनी. दोरा बांधून."

प्रज्ञा म्हणाली, "आई, वेगळी का पण?"

"वेगळी म्हणजे? माझा हात चालतो म्हणून."

"तसं असेल तर छानच. पण एकदा नीट बघ ना."

"काय बघू? तुम्हा पोरांना जिकडे तिकडे तेच दिसतं. आम्ही भोगलं ते पुष्कळ होतं, तुम्ही आता नवीन शोधत बसू नका." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. मला म्हणाल्या, "पाहा ना साहेब, चांगलं सांगावं तर हिला खुपतं." आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांच्या हसण्यातली खोट शोधली, तिने पोटच्या पोरीला त्याच कामासाठी झापलं.

पुढे सव्वीस जानेवारीच्या नाश्त्याला मंडळातल्या निर्मलाताईंचं बोट कापलं. सुऱ्या ड्रॉवरमध्ये आडव्यातिडव्या पडलेल्या असायच्या. ताईंनी न बघता हात घातला आणि पातं चांगलं आत गेलं. टाके पडले. बायका हळहळल्या आणि पुन्हा सुऱ्या तशाच ड्रॉवरमध्ये टाकू लागल्या. गणवीर मॅडम म्हणाल्या, "थांबा. मी करते काहीतरी."

काहीतरी म्हणजे ड्रॉवरमध्ये बसेल असा लाकडी ठोकळा. त्याला ओळीने खाचा, प्रत्येक खाचेत एका सुरीचं पातं धार खाली करून जाणार, आणि पुढची बाजू उतरती, तिथे मुठी टेकणार. हात घातला की मूठच हाती यावी, धार नाही. कागदावर काढून दाखवलं तेव्हा मला पटलं, पण स्टूल आठवून मी फार उत्साह दाखवला नाही.

लाकडासाठी आम्ही दोघं कसबा पेठेत गेलो. माझं लहानपण तिथलं. जुनं लाकूड विकणारा एक ओळखीचा माणूस अजून होता, त्याच्याकडे कुठल्यातरी पाडलेल्या घराच्या चौकटीचा सागवानी तुकडा मिळाला. चार खिळ्यांची भोकं होती, पण आतून असा तेलकट तांबूस की मॅडमनी तो नाकाशी धरला. "बाबांच्या शर्टाला हा वास यायचा," म्हणाल्या आणि घासाघीस न करता घेतला. रिक्षात तो तुकडा त्यांनी मांडीवर ठेवला होता.

मग सुरू झालं. पहिला ठोकळा छान झाला. खाली नेऊन ठेवला तर ड्रॉवर बंदच होईना. बाईंनी ड्रॉवरची पुढची फळी बाहेरून मोजली होती. आतली उंची केवढी तरी कमी. ड्रॉवरचं तोंड मोजलं, पोट मोजलंच नाही. शैलावहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो, किती त्रास घेता." मॅडमनी ठोकळा काखेत मारला आणि वर गेल्या. नंतर कितीतरी दुपारी माझ्या डोक्यावर रंधा चालू होता. उंची उतरवली तर खाचा उथळ झाल्या, खाचा खोल केल्या तर एक भिंत उडाली. पुन्हा दुसऱ्या बाजूने सुरुवात. मी वर गेलो की मला धरायला लावायच्या आणि मी हलवलं म्हणून रागवायच्या.

शेवटी जो झाला तो, खरंच सांगतो, कुठल्याही दुकानात ठेवावा असा झाला. तेल पाजून पाजून लाकूड उजळवलं होतं. मधली खाच इतरांपेक्षा थोडी रुंद, मुठीकडे पसरट. मी विचारलं, ही वेगळी का?

"माझ्या सुरीला दोरा आहे ना. जाड होते मूठ."

ठोकळा ड्रॉवरमध्ये अलगद बसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शैलावहिनींनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली हात जोडल्याची आणि फुलांची चित्रं पडली. फोटोत सगळ्या सुऱ्या ओळीत झोपलेल्या, मधोमध लाल दोऱ्याची. तो फोटो मॅडमच्या फोनवर पुष्कळ दिवस मागच्या चित्राच्या जागी होता. प्रज्ञालाही त्यांनी तो मुद्दाम पाठवला.

पण पुढच्या वेळी ड्रॉवर उघडला तर मधली खाच रिकामी. मॅडमची सुरी खिडकीच्या कट्ट्यावर, भांडी घासायच्या साबणामागे. मॅडमनी ती उचलून खाचेत ठेवली. त्यानंतरच्या वेळी पुन्हा तेच. सुरी पुन्हा साबणामागे. एकदा तर ओट्याखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीशेजारी सापडली. "शिस्त नाही हो या बायकांना," त्या मला म्हणायच्या. "एवढी जागा करून दिली तरी वस्तू जागेवर ठेवायची नाही." मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते नक्की सांगता आलं नसतं.

मग एके दिवशी त्या ठोकळा काढून घरी घेऊन आल्या. "खाच आवळ झालीय. दोरा अडकत असेल, म्हणून ठेवत नसतील बिचाऱ्या." खिडकीशी बसून पॉलिशपेपरने त्यांनी ती मधली खाच घासली. दोऱ्यासकट मूठ अलगद जाईपर्यंत घासली. संध्याकाळी जाऊन ठोकळा जागेवर ठेवून आल्या.

त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला पोळ्यांसाठी बाहेरून एक बाई बोलावल्या होत्या, धायरीच्या पुढच्या कुठल्याशा वाडीतल्या. मॅडम खाली आल्या तेव्हा बाकी बायका हॉलमध्ये रांगोळीपाशी होत्या. आत पोळीवाल्या बाई, मी आणि माझी कोथिंबीर. कोबीचे गड्डे टेबलावर रचलेले. मॅडमनी कट्ट्यावरून आपली सुरी उचलली.

"बाई, ती नका घेऊ," पोळीवाल्या म्हणाल्या. "ती येगळी हाय. त्या ड्रावरमधली घ्या."

"वेगळी म्हणजे?"

"ती वरच्या कुनी गनवीर बाई हायेत, त्यांची. वैनींनी आल्या आल्या सांगितलं मला. बाकीच्यांत मिसळू नको, धुवायची बी येगळी."

"का बरं?"

"आता का म्हंजे?" बाई पोळी उलटत म्हणाल्या. "त्या त्यांच्यातल्या हायेत म्हनं."

कुणालाही भेटताच नाव-गाव सांगणाऱ्या मॅडमनी नेमकं त्या दिवशी या बाईंना काही सांगितलं नव्हतं. घाईत होत्या. माझ्या हातात जुडी तशीच राहिली. मॅडम म्हणाल्या, "अस्सं होय," आणि कोबी चिरायला बसल्या. त्याच सुरीने. एकेक गड्डा घेतला, चिरला, परातीत लोटला. हाताचा वेग तोच. सगळा कोबी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मग उठल्या. ड्रॉवरमधल्या सगळ्या सुऱ्या काढल्या. त्यातल्या एकीने आपल्या सुरीच्या मुठीवरचा लाल दोरा कापला. दोरा ओला होऊन इतका घट्ट बसला होता की नखाने ओरबाडून काढावा लागला. सगळ्या सुऱ्या एकत्र नळाखाली धरल्या, एकत्र पुसल्या, हातातल्या हातात पत्ते पिसावेत तशा पिसल्या आणि एकेक करून खाचांमध्ये ठेवल्या. काळ्या मुठी, एकसारखी पाती.

"सांगा आता," त्या पोळीवाल्या बाईंना म्हणाल्या, "त्यांची कोणती?"

बाईंनी ड्रॉवरकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि त्यांचा चेहराच उतरला. "तुमीच का त्या? मला ठाव नव्हतं वो."

"मी गणवीर. नागपूरची. बौद्ध," मॅडम म्हणाल्या. "तुमची पोळी करपतेय."

जेवायला त्या थांबल्या नाहीत. मी संध्याकाळी वर गेलो. दार उघडंच होतं. दिवा लावलेला नव्हता. मी खुर्ची ओढून बसलो. मग त्या बोलायला लागल्या ते नागपूरचंच.

"सगळी नोकरी मी वासावर काढली, साहेब. माणूस दारात उभा राहिला की मले समजे, हा पाणी पिणार का नाही पिणार. अन् इथं नाकच बंद पडलं. काहून? तर मले पाह्यजे होतं ना ते. कुणीतरी म्हणावं, ही आमची बाई आहे, हिची सुरी आहे." मग म्हणाल्या, "खाच घासली ना मी बाप्पा. बसून बसून घासली. त्याइले ठेवता येत नसंल म्हणून."

प्रज्ञाला काही कळवू नका, एवढं सांगून त्यांनी मला जायला सांगितलं. मी जिना उतरताना माझा राग कुणावर काढावा ते मला कळत नव्हतं. शैलावहिनींवर काढला असता तर त्या गोड आवाजात म्हणाल्या असत्या, काका, चहा घेता का?

बातमी पोळीवाल्या बाईंकडून पसरलीच. गोंधळ मात्र मॅडमना दुखावल्याचा झाला नाही. गोंधळ झाला तो सुऱ्यांचा. आता 'ती' कोणती हे ओळखायचं कसं? आठवडाभर जिन्यात कुजबुज चालली. शेवटी सगळ्या सुऱ्या माळ्याला देऊन टाकल्या आणि ग्रुपवर शैलावहिनींचा निरोप आला: 'स्वच्छतेच्या दृष्टीने यापुढे प्रत्येकीने आपापली सुरी घरून आणावी.' त्याखाली पुन्हा हात जोडल्याची चित्रं पडली. मॅडमनी मला फोन केला. "वाचलंत? एका सुरीला वाळीत टाकायचं होतं, त्यापायी सगळ्याच वेगळ्या झाल्या." हसल्या, पण पूर्वीसारखं नाही.

ठोकळा परत द्यायला शैलावहिनी स्वतः वर आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबर लावून. मी तिथेच होतो. "मनाला लावून घेऊ नका हं," त्या म्हणाल्या. "माझं काही नाही हो, पण दोन-तीन जुन्या बायका आहेत, त्यांच्यासाठी बघावं लागतं. आणि तुम्ही चिरलेलं आम्ही सगळ्यांनी खाल्लंच की. भाजी शिजते, त्याला कोण काय म्हणणार?"

मॅडमनी ठोकळा घेतला. "पाणी देऊ, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"नको नको, आत्ताच चहा झाला."

त्या गेल्यावर मला उलगडा झाला. मॅडमना आजवर बटाटे दिले, कोबी दिला, फ्लॉवर दिला. सगळं चुलीवर जाणारं. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, जे कच्चं ताटात पडतं, ते कधीच त्यांच्यापुढे आलं नव्हतं. इतका बारीक विचार या बायकांनी प्रत्येक कार्यक्रमाला, न बोलता, हसत हसत सांभाळला होता. मी मॅडमना म्हटलं, फोडून टाका तो ठोकळा. "सागवान आहे," त्या म्हणाल्या आणि कपाटावर ठेवून दिला.

पुढच्या वर्धापनदिनाच्या आत त्यांनी घर विकायला काढलं. प्रज्ञाने बंगळुरूला बोलावलं होतं. शेवटच्या कार्यक्रमाला त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. चांगली निळी साडी नेसून, सकाळीच, चिराचिरी सुरू असताना. टेबलाभोवती बायका बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे रुमालातून काढलेली आपापली सुरी. मॅडमनी काकड्यांची टोपली स्वतःपुढे ओढली आणि शैलावहिनींपुढे हात केला.

"वहिनी, मी सुरी आणायची विसरले. तुमची देता?"

टेबलावरच्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. "अहो, तुम्ही आज पाहुण्या," शैलावहिनी म्हणाल्या. "निवांत बसा ना."

"बसायला नाही आले. सुरी द्या."

हात तसाच पुढे. इतर बायका आपल्या फोडींकडे बघत होत्या. पुरुषांना सुरी आणायला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझ्याकडे नव्हती. शेवटी शैलावहिनींनी सुरी टेबलावर ठेवली, मॅडमच्या हातात नाही, आणि दोन बोटांनी पुढे सरकवली.

"घ्या," त्या गोड हसून म्हणाल्या. "आणि राहू द्या मग तुमच्याकडेच."

मॅडमनी ती घेतली. काकड्या चिरल्या, दाण्याचं कूट घातलं, दही घातलं, वरून माझ्याकडची कोथिंबीर मागून घेतली. पंगत बसल्यावर पातेलं कमरेवर घेऊन स्वतः वाढायला निघाल्या. आणि एकेका ताटावर हात आडवा यायला लागला. नको हो, सर्दी झालीय. नको, दही बाधतं. घसा धरलाय. काकडी नाही चालत. एवढ्या सगळ्या बायकांना एकदम सर्दी झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मॅडम प्रत्येकीपुढे वाकत होत्या, डाव भरून पुढे करत होत्या, हात आडवा आला की डाव पातेल्यात रिकामा करून पुढच्या ताटाकडे जात होत्या. एकही ताट त्यांनी गाळलं नाही.

टोकाला माझं ताट होतं.

"सर्दी नाही ना तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी वाढलं, आणखी वाढलं, आणि जवळजवळ भरलेलं पातेलं घेऊन लिफ्टकडे गेल्या.